परदेशातून बीडपर्यंत: स्विफ्ट कोड, आयएफएससी आणि मधले अंतर

केज, गेवराई किंवा पाटोद्याच्या शाखेत खाते असलेल्या माणसाला परदेशातून पैसे घ्यायची वेळ येते, तेव्हा पाठवणारा पहिली गोष्ट विचारतो ती स्विफ्ट कोडची. पासबुक उघडले की आयएफएससी सापडतो, एमआयसीआर सापडतो, स्विफ्ट कोड सहसा सापडत नाही. शाखेत विचारले तर कधी मुंबईच्या शाखेचा कोड मिळतो, कधी विभागीय कार्यालयाकडे बोट दाखवले जाते. इंटरनेटवर शोधले तर एकाच बँकेचे दहा-वीस कोड समोर येतात आणि त्यातला आपला कोणता हे कळत नाही. अशा वेळी खातेदाराला वाटते की माहिती लपवली जाते आहे. वस्तुस्थिती अशी की तालुक्याच्या शाखेला स्वतःचा स्विफ्ट कोड बहुधा नसतोच.

हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो, पण त्याच्या पोटात बरेच वाद आहेत. प्रत्येक शाखेला जागतिक ओळख असावी की सगळे व्यवहार एका केंद्रातून व्हावेत? भारताने आयबान स्वीकारावा का? सहकारी आणि ग्रामीण बँकांच्या खातेदारांचे काय? स्वयंसेवी संस्थांना दिल्लीच्या एकाच शाखेत खाते सक्तीचे करणे योग्य होते का? आणि पन्नास वर्षे चाललेली ही व्यवस्थाच आता जुनी होत चालली आहे का? या सगळ्यांत आज आपण कुठे उभे आहोत, ते बीडसारख्या जिल्ह्याच्या जागेवरून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

सिक्का, हुंडी आणि हैदराबाद बँक

दुसऱ्या चलनातला पैसा आपल्या हाती येताना काय होते, हा अनुभव बीडला नवा नाही. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचे स्वतःचे चलन होते. सात उस्मानिया रुपये म्हणजे सहा कलदार, म्हणजे ब्रिटिश हद्दीतले, रुपये, असा हिशेब व्यापाऱ्यांच्या तोंडपाठ असे. आष्टीचा माल नगरला विकला की येणारा पैसा कलदार आणि घरी चालणारा पैसा उस्मानिया. सीमा ओलांडताना रक्कम बदलायची, सराफाची बट्टा-वटावणी द्यायची, मोठ्या रकमेसाठी हुंडी चालवायची. हुंडीत पैसा हलत नसे. एका पेढीचा कागद दुसऱ्या गावच्या पेढीने मानला की काम होई. आजची आंतरराष्ट्रीय बँकिंग व्यवस्थासुद्धा मुळात याच तत्त्वावर चालते.

संस्थानाच्या चलनाचा कारभार पाहण्यासाठी १९४१ च्या कायद्याने हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली आणि १९४२ मध्ये तिचे काम सुरू झाले. पुढे ती स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली, १९५९ मध्ये स्टेट बँकेच्या छत्राखाली आली. मराठवाड्यात लोक तिला नुसते 'हैदराबाद बँक' म्हणत. पगार, पेन्शन, पीककर्ज, ठेवी यांसाठी कित्येक गावांत हीच पहिली मोठी बँक होती. १ एप्रिल २०१७ रोजी तिचे भारतीय स्टेट बँकेत विलीनीकरण झाले. खातेक्रमांक तेच राहिले, पण आयएफएससीची सुरुवातीची चार अक्षरे बदलली आणि जुन्या बँकेचा स्विफ्ट कोड इतिहासजमा झाला. स्टेट बँकेने २०१८ मध्ये देशभरातल्या सुमारे १,३०० शाखांची नावे आणि आयएफएससी बदलले. पुढे १ एप्रिल २०२० रोजी दहा सरकारी बँकांच्या चार बँका झाल्या. सिंडिकेट बँक कॅनरात गेली, आंध्र आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत गेल्या. देशातल्या माणसाला मोबाइलवर संदेश आला, शाखेत फलक लागला. परदेशातल्या मुलाच्या किंवा ग्राहकाच्या बँकेत साठवलेला जुना कोड मात्र कोणी बदलून दिला नाही.

स्विफ्ट म्हणजे काय आणि काय नव्हे

१९७० च्या दशकापर्यंत परदेशी बँका एकमेकींना टेलेक्सवर संदेश पाठवत. संदेश खरा आहे हे पटवण्यासाठी दोन्हीकडे गुप्त आकड्यांची गणिते करावी लागत, आणि मजकूर मोकळ्या वाक्यांत असल्याने चुका होत. यावर उपाय म्हणून १५ देशांतल्या २३९ बँकांनी १९७३ मध्ये बेल्जियममध्ये एक सहकारी संस्था काढली. तीच स्विफ्ट. पहिला संदेश १९७७ मध्ये गेला. भारत १९९१ मध्ये या जाळ्यात आला. आज दोनशेहून अधिक देश-प्रदेशांतल्या अकरा हजारांपेक्षा जास्त संस्था त्यावर आहेत आणि रोज चार कोटींहून अधिक संदेश त्यातून जातात.

स्विफ्ट पैसा हलवत नाही, ही गोष्ट सामान्य चर्चेत नेहमी निसटते. ती फक्त संदेश पोहोचवते. पैसा हलतो तो बँकांनी एकमेकींकडे उघडलेल्या खात्यांत. भारतीय बँकेचे न्यूयॉर्कमधल्या बँकेत डॉलरचे खाते असते, त्याला नॉस्ट्रो म्हणतात. तिथे रक्कम जमा झाली आणि तसा संदेश आला की इथे रुपयांत रक्कम दिली जाते.

या संदेशावर पत्ता म्हणून जो कोड असतो तो बीआयसी, म्हणजेच बोलीतला स्विफ्ट कोड. त्याचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ९३६२. पहिली चार अक्षरे बँकेची, पुढची दोन देशाची, त्यानंतरची दोन स्थानाची, आणि हवी असल्यास शेवटची तीन शाखेची किंवा विभागाची. शेवटची तीन नसली किंवा तिथे तीन वेळा एक्स असला, तर तो संदेश मुख्य कार्यालयासाठी समजला जातो. म्हणजे कोड आठ अक्षरांचाही असतो आणि अकराचाही, आणि दोन्ही बरोबर असतात. शाखेचे अक्षरगट ऐच्छिक आहेत, हे मानकातच लिहिलेले आहे. 'आपल्या शाखेचा कोड' या अपेक्षेला इथेच पहिली अडचण येते.

एकसारखे दिसणारे दोन कोड

आयएफएससी ही पूर्णपणे देशी व्यवस्था. रिझर्व्ह बँकेने २००४ मध्ये आरटीजीएस आणि २००५ मध्ये एनईएफटी सुरू केली, तेव्हा देशातल्या प्रत्येक शाखेला निश्चित ओळख देण्याची गरज होती. त्यातून हा अकरा अक्षरांचा कोड आला: चार अक्षरे बँकेची, पाचवे नेहमी शून्य, उरलेली सहा शाखेची. त्यामुळे देशांतर्गत व्यवहारात धारूरची शाखा आणि वडवणीची शाखा स्पष्ट वेगळ्या ओळखता येतात.

गोंधळ होतो तो साम्यामुळे. दोन्ही कोड अकरा अक्षरांचे असू शकतात आणि बहुतेक भारतीय बँकांची पहिली चार अक्षरे दोन्हीकडे तीच असतात. स्टेट बँकेची एस-बी-आय-एन, बँक ऑफ महाराष्ट्रची एम-ए-एच-बी, एचडीएफसीची एच-डी-एफ-सी. परदेशी बँकेच्या अर्जात स्विफ्टच्या रकान्यात आयएफएससी भरला तर संगणक तो बहुधा नाकारतो, कारण पाचव्या जागी शून्य पाहून त्याला देश ओळखता येत नाही. तेवढे नुकसान कमी. जास्त त्रास होतो तो स्विफ्ट कोड बरोबर पण आयएफएससी दिलेलाच नाही, अशा व्यवहारात. पैसा बँकेपर्यंत पोहोचतो, शाखेपर्यंतचा रस्ता केवळ खातेक्रमांकावर आणि नावावर अवलंबून राहतो.

स्विफ्टच्या संदेशात आयएफएससी लिहिण्याची सोय आहे. ती वापरायची की नाही हे मात्र पाठवणाऱ्या बँकेच्या अर्जावर आणि तिथल्या कर्मचाऱ्यावर अवलंबून असते. काही बँका वेगळा रकाना देतात, काही 'इतर सूचना' या जागेत लिहायला सांगतात. तिथे लिहिलेले प्रत्येक टप्प्यावर जसेच्या तसे पुढे जाईल, याची खात्री देता येत नाही.

ह्यूस्टनहून केजला

एक उदाहरण घेऊ. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेला एखादा डॉक्टर ह्यूस्टनहून केजमधल्या वडिलांच्या खात्यात तीन हजार डॉलर पाठवतो, असे समजू. त्याची बँक संदेश तयार करते. तिचा भारतीय बँकेशी थेट संबंध नसेल तर मधली एक बँक लागते, कधी दोन. प्रत्येक मधली बँक शुल्क कापू शकते. पाठवताना शुल्क कोणी सोसायचे याचे तीन पर्याय असतात: सगळे पाठवणाऱ्याने, वाटून, किंवा सगळे घेणाऱ्याने. वाटून घेण्याचा पर्याय निवडला तर तीन हजार डॉलरची रक्कम वाटेतच थोडी कमी होते, आणि वडिलांना वाटते बँकेने पैसे खाल्ले.

भारतीय बँकेच्या परकीय चलन केंद्रात संदेश आला की नाव, पत्ता, रकमेचे कारण तपासले जाते. निर्बंध असलेल्या व्यक्तींच्या याद्यांशी नाव ताडले जाते. रिझर्व्ह बँकेचा उद्देशकोड लावावा लागतो: कुटुंबाच्या उदरनिर्वाहासाठी आलेला पैसा पी१३०१, सॉफ्टवेअर सल्ल्याचा मोबदला पी०८०२. कारण अस्पष्ट असेल तर खातेदाराकडून खुलासा मागवला जातो, आणि तो निरोप केजच्या शाखेमार्फत वडिलांपर्यंत पोहोचेपर्यंत दिवस जातात. मग त्या दिवसाच्या दराने रुपयांत रूपांतर, त्यावर जीएसटी, आणि शेवटी जमा. दर कोणत्या क्षणाचा लावला, हे खातेदाराला क्वचितच कळते.

या वाटेवर वेळ नेमका कुठे जातो, यावर आंतरराष्ट्रीय पातळीवर अभ्यास झाला आहे. बेसल येथील बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या पेमेंट समितीने २०२२ मध्ये स्विफ्टच्या जीपीआय यंत्रणेची माहिती तपासली. जीपीआय २०१७ पासून आहे आणि तीत प्रत्येक व्यवहाराला माग काढता येईल असा क्रमांक असतो. निष्कर्ष असा निघाला की बँक ते बँक हा प्रवास बहुधा वेगाने होतो, उशीर होतो तो शेवटच्या टप्प्यात, म्हणजे घेणाऱ्याच्या बँकेपासून त्याच्या खात्यापर्यंत. सर्वांत जलद मार्गांवर पाच मिनिटांच्या आत काम होते, सर्वांत मंद मार्गांवर दोन दिवसांहून जास्त लागतात. कारणांमध्ये चलनविषयक निर्बंध, कामाचे मर्यादित तास आणि स्पर्धेचा अभाव यांचा समावेश आहे. माझ्या मते या संपूर्ण चर्चेतला हा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष आहे. बीडच्या खातेदाराची तक्रार अटलांटिकपलीकडच्या प्रवासाबद्दल नसून मुंबई ते केज या अंतराबद्दल असते, आणि अभ्यास त्याच्या बाजूने उभा आहे.

पहिला वाद: शाखेला कोड की एकच केंद्र

बँकांचे म्हणणे असे. परकीय चलनाचा व्यवहार करणाऱ्या शाखांची वर्गवारी पूर्वीपासून आहे. काही शाखा परदेशात स्वतंत्र चलनखाती ठेवतात, काही त्या खात्यांवर व्यवहार करतात, आणि बाकीच्या हे काम अशा शाखांमार्फत करून घेतात. बीड जिल्ह्यातल्या बहुसंख्य शाखा या तिसऱ्या गटात मोडतात. प्रशिक्षित माणसे, फेमा कायद्याचे ज्ञान, रोजचा ताळा, नावांची तपासणी हे सगळे महिन्याला दोन-चार व्यवहार होणाऱ्या शाखेत ठेवणे परवडत नाही आणि सुरक्षितही नाही.

सुरक्षेचा मुद्दा वजनदार आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरांनी स्विफ्टवर खोटे आदेश पाठवले आणि ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समध्ये पोहोचले. फेब्रुवारी २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेतला घोटाळा उघड झाला. तिथे हमीपत्रांचे संदेश स्विफ्टवरून जात होते, पण बँकेच्या कोअर बँकिंगमध्ये त्यांची नोंद होत नव्हती, कारण दोन्ही यंत्रणा जोडलेल्याच नव्हत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले, त्यांपैकी सुमारे १३ कोटी ९२ लाख रुपये स्विफ्टच्या खोट्या आदेशांनी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. महाराष्ट्राच्या सहकारी क्षेत्राला या घटनेने हादरा बसला. रिझर्व्ह बँकेने स्विफ्ट आणि कोअर बँकिंग जोडण्यासाठी कडक मुदती घातल्या, आणि २०१९ मध्ये पालनात कमी पडलेल्या ३६ बँकांना मिळून ७१ कोटी रुपयांचा दंड केला. त्यानंतर स्विफ्टची दारे कमी असावीत, हा विचार बँकांत पक्का झाला.

दुसऱ्या बाजूचे लोक प्रत्येक शाखेला कोड द्या असे म्हणत नाहीत. त्यांची मागणी मर्यादित आहे: केंद्र मुंबईत असो, पण उत्तर देणारा माणूस इथे असावा. संदेश आल्याची नोंद शाखेच्या पडद्यावर दिसावी. कागद हवा असेल तर तो त्याच दिवशी सांगितला जावा. परदेशी ग्राहकांसाठी घरबसल्या काम करणारी मुले आता बीड आणि माजलगावातही आहेत. त्यांना करासाठी परदेशी रकमेचा दाखला, म्हणजे एफआयआरसी किंवा त्याची सूचना लागते, आणि ती मिळवायला हेलपाटे घालावे लागतात. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. उद्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीला थेट निर्यात करायची झाली तर तिला पहिली अडचण पॅकिंगची येईल तितकीच या कागदाचीही येईल.

दोन्ही बाजू ऐकल्यावर असे दिसते की केंद्रीकरणावर खरा मतभेद उरलेला नाही. मतभेद आहे तो केंद्राने शाखेला काय कळवायचे आणि किती वेळात, यावर. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये परदेशातून येणाऱ्या रकमा लवकर जमा करण्याबाबत एक मसुदा काढला. संदेश येताच ग्राहकाला कळवणे, नॉस्ट्रो खात्याचा ताळा दिवसातून एकदा न करता थोड्या थोड्या वेळाने करणे आणि कामकाजाच्या वेळेत आलेली रक्कम शक्यतो त्याच दिवशी देणे, असा त्याचा रोख आहे. शेवटच्या टप्प्यातला उशीर नियामकानेच मान्य केला, हे या मसुद्याचे मोल.

दुसरा वाद: आयबान

युरोप, अमिरात, सौदी अरेबिया या ठिकाणी खात्याला आयबान असतो. देश, बँक, खाते हे सगळे एकाच क्रमांकात, आणि सुरुवातीला दोन तपासणी अंक. एक आकडा चुकला तरी संगणक तिथल्या तिथे सांगतो. त्याची कमाल लांबी ३४ अक्षरे. भारत या व्यवस्थेत नाही. अमेरिका, चीन, जपान, कॅनडा, ऑस्ट्रेलियाही नाहीत. तरीही काही परदेशी अर्जांत आयबानचा रकाना सक्तीचा असतो आणि बीडच्या खातेदाराला 'तुमचा आयबान कळवा' असे पत्र येते. असा क्रमांक अस्तित्वातच नाही हे त्याला कोणी सांगत नाही.

समर्थक म्हणतात, आपल्याकडे खातेक्रमांकांची लांबी बँकेगणिक वेगळी आहे: कुठे अकरा अंक, कुठे बारा, कुठे चौदा. एकसारखी रचना आली तर चुका घटतील. विरोधकांचे उत्तर असे की कोट्यवधी खात्यांचे क्रमांक बदलणे हा प्रचंड खर्च आहे, आणि देशांतर्गत व्यवहारात आयएफएससी आणि यूपीआयने गरज भागते आहे. रिझर्व्ह बँकेने समान रचनेचा प्रश्न तांत्रिक समितीमार्फत तपासून घेतला होता, पण आयबान आला नाही.

या वादाला अलीकडे एक वेगळी बाजू लाभली. पूर्वी एनईएफटीत केवळ खातेक्रमांकावर रक्कम जमा होई, नाव ताडले जात नसे. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२४ मध्ये आदेश काढला की १ एप्रिल २०२५ पर्यंत पाठवणाऱ्याला खातेदाराचे नाव आधी दिसण्याची सोय बँकांनी द्यावी. देशात हा प्रश्न बराच सुटला. परदेशातून पाठवणाऱ्याला मात्र बँकेमार्फत पाठवताना हे नाव दिसत नाही. त्याच्यासाठी आयबानचा मुद्दा अजून जिवंत आहे.

बाहेर पैसा पाठवतानाही आयबानशी गाठ पडते. जर्मनीला शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याला सप्टेंबर २०२४ पासून वर्षासाठी ११,९०४ युरो गोठवलेल्या खात्यात ठेवावे लागतात. त्यासाठी परळीच्या किंवा बीडच्या शाखेत ए-२ अर्ज भरताना तिकडचा आयबान आणि स्विफ्ट कोड दोन्ही लागतात. या दिशेने चुका कमी होतात, कारण तिकडचा क्रमांक स्वतःच स्वतःची तपासणी करतो.

तिसरा प्रश्न: सहकारी आणि ग्रामीण बँका

बीडमध्ये खाते म्हणजे राष्ट्रीयीकृत बँकेचेच असे नाही. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, परळीची वैद्यनाथ, अंबाजोगाईची पीपल्स अशा नागरी बँका, आणि ग्रामीण बँक यांचे जाळे मोठे आहे. मराठवाडा ग्रामीण बँक २००९ मध्ये महाराष्ट्र ग्रामीण बँकेत मिसळली, आणि १ मे २०२५ पासून राज्यात एकच ग्रामीण बँक झाली, तिचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगर. सारस्वत किंवा कॉसमॉससारख्या मोठ्या सहकारी बँकांकडे परकीय चलनाचा परवाना आणि स्वतःचा स्विफ्ट कोड आहे. जिल्ह्यापुरत्या बँकांच्या बाबतीत ते शक्य होत नाही. भांडवल, मनुष्यबळ, तपासणीची यंत्रणा या अटी त्यांच्या आवाक्याबाहेरच्या आहेत.

अशा खात्यात पैसा आणायचा तर दुसऱ्या बँकेचा स्विफ्ट कोड देऊन 'पुढील जमेसाठी' अमुक खाते असे लिहावे लागते. नियमांच्या दृष्टीने ही वाट नाजूक आहे, कारण अंतिम घेणारा कोण हे मधल्या बँकेला स्पष्ट दिसले नाही तर ती रक्कम परत पाठवते. एक मत असे की लहान बँकांनी मोठ्या बँकेशी ठोस करार करून ही सेवा द्यावी, कारण गावातला विश्वास त्यांच्यावर आहे. दुसरे मत असे की ज्या बँकांची आर्थिक प्रकृती नाजूक राहिली आहे त्यांच्यावर परकीय चलनाची जोखीम टाकू नये. बीडकरांनी सहकारी पतव्यवस्थेतले धक्के जवळून पाहिले आहेत, त्यामुळे दुसऱ्या मतालाही इथे आधार आहे.

चौथा वाद: दिल्लीची एक शाखा

स्विफ्ट कोडचा प्रश्न सामाजिक संस्थांच्या बाबतीत सर्वांत टोकदार झाला. परदेशी देणगी घ्यायला एफसीआरए नोंदणी लागते. सप्टेंबर २०२० मधल्या दुरुस्तीने सर्व नोंदणीकृत संस्थांना परदेशी देणगी फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत, संसद मार्गावर, घेणे बंधनकारक केले. मुदत वाढवून ३० जून २०२१ पर्यंत दिली गेली. म्हणजे देशभरातल्या संस्थांच्या देणग्यांसाठी एकच स्विफ्ट कोड: एस-बी-आय-एन-आय-एन-बी-बी आणि शेवटी १०४.

बीड जिल्ह्यात दुष्काळ, पाणलोट, स्त्रियांचे प्रश्न, ऊसतोड कामगारांची मुले यांवर काम करणाऱ्या संस्थांची परंपरा जुनी आहे. अंबाजोगाईचे मानवलोक १९८२ पासूनचे. ऑक्टोबरपासून कारखान्यांकडे निघणाऱ्या कुटुंबांमागे राहिलेल्या मुलांसाठी वसतिगृह चालवायचे तर पैसा वेळेवर लागतो. अशा संस्थांपैकी ज्यांची नोंदणी होती त्यांना स्थानिक शाखेशी वर्षानुवर्षे असलेला संबंध बाजूला ठेवून दिल्लीच्या शाखेशी व्यवहार करावा लागला.

सरकारची भूमिका होती की परदेशी निधीवर लक्ष ठेवण्यासाठी एकच प्रवेशद्वार आवश्यक आहे, खाते उघडायला कोणी दिल्लीला जाण्याची गरज नाही, कागदपत्रे स्थानिक शाखेतून पाठवता येतात, आणि दिल्लीत आलेली रक्कम संस्था आपल्या गावच्या दुसऱ्या एफसीआरए खात्यात वळवू शकते. याचिकाकर्त्या संस्थांचे म्हणणे होते की ही अट अवाजवी आहे, लहान संस्थांवर तिचा भार अधिक पडतो, आणि त्याच दुरुस्तीने एका संस्थेकडून दुसरीकडे निधी देण्यावर आलेली बंदी अधिक घातक आहे, कारण गावपातळीवरच्या संस्था मोठ्या संस्थांमार्फतच मदत मिळवत. नोएल हार्पर खटल्यात ८ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्त्या वैध ठरवल्या. कायद्याच्या अंगाने प्रश्न निकाली निघाला. व्यवहाराच्या अंगाने एक गोष्ट मान्य करावी लागेल: या व्यवस्थेत निदान कोड कोणता, याबद्दल शंका उरलेली नाही. भार मात्र लहान संस्थेवर पडला, हेही तितकेच खरे.

कोडाशिवायचे रस्ते

दरम्यान कुटुंबाला पाठवल्या जाणाऱ्या पैशाचा मोठा भाग स्विफ्ट कोड न विचारताच येऊ लागला आहे. दुबई किंवा रियाधच्या एक्स्चेंज हाऊसमधून रुपी ड्रॉइंग अरेंजमेंटखाली पाठवलेली रक्कम भारतीय बँकेकडे येते आणि तिथून एनईएफटी किंवा आयएमपीएसने खात्यात पडते. तिथे लागतो तो आयएफएससी आणि खातेक्रमांक. वेस्टर्न युनियनसारख्या सेवेत संदर्भक्रमांक आणि ओळखपत्र पुरते. तिला एका वेळी २,५०० डॉलर, वर्षाला तीस रकमा आणि रोखीत ५०,००० रुपयांपर्यंत अशा मर्यादा आहेत. टपाल खात्याने ही सेवा २००१ पासून दिली. २१ फेब्रुवारी २०२३ पासून सिंगापूरची पेनाऊ आणि आपली यूपीआय जोडली गेली. सुरुवात मोजक्या बँकांपासून झाली, रोजची मर्यादा ६०,००० रुपये. नेक्सस या बहुराष्ट्रीय जोडणीत रिझर्व्ह बँक २०२४ मध्ये सामील झाली.

यामुळे स्विफ्ट संपेल असे म्हणणारे आहेत. त्यांचा दुसरा आधार राजकीय आहे: २०१२ आणि २०१८ मध्ये इराणच्या, मार्च २०२२ मध्ये सात रशियन बँकांच्या बाबतीत जाळे बंद झाले. त्यानंतर जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने रुपयात आंतरराष्ट्रीय व्यापार मिटवण्याची वाट मोकळी केली. उलट बाजूचे लोक दाखवतात की मोठ्या रकमा, निर्यातीची देणी, शुल्कपरतावा, देणग्या यांसाठी स्विफ्टला पर्याय उभा राहिलेला नाही, आणि नवे जोडरस्तेही देशोदेशींच्या नियमांच्या मान्यतेवरच चालतात. मला दुसरे म्हणणे अधिक वास्तवाला धरून वाटते. केजच्या घरखर्चाला स्विफ्ट लागणार नाही असे दिवस जवळ आहेत. माजलगावच्या निर्यातदाराच्या आणि अंबाजोगाईच्या संस्थेच्या वाट्याला ते इतक्यात येणार नाहीत.

काय अनिर्णित आहे

जागतिक बँकेच्या मते २०२४ मध्ये भारतात सुमारे १२९ अब्ज डॉलर परदेशस्थांकडून आले. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, सर्व राज्यांत पहिला. पण ही पाहणी राज्यनिहाय आहे. मुंबई-पुण्याच्या आकड्यात बीड विरघळून जाते, आणि जिल्ह्यासाठी परकीय चलन सेवा किती हवी, हा निर्णय अंदाजावर होतो. जी-२० देशांनी २०२७ अखेर तीन चतुर्थांश रकमा तासाभरात पोहोचवण्याचे आणि २०३० पर्यंत घरी पाठवायच्या रकमेचा खर्च ३ टक्क्यांवर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्यातले पहिले मुदतीत साधेल अशी चिन्हे नाहीत.

आणखी एक बदल दारात उभा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये बँकांमधल्या रकमांच्या संदेशांची जुनी पद्धत थांबली आणि आयएसओ २००२२ ही नवी रचनाच उरली. नोव्हेंबर २०२६ पासून सलग लिहिलेला मोकळा पत्ता चालणार नाही. गावाचे नाव आणि देश ठरलेल्या रकान्यांतच हवेत. 'मु. पो. अमुक, ता. शिरूर कासार, जि. बीड' हा आपला पत्ता त्या रकान्यांत कसा बसवायचा? गाव कोणते धरायचे, वस्ती, पोस्टाचे गाव की तालुका? इंग्रजीत बीडचीच दोन-तीन स्पेलिंगे सरकारी कागदांवर आहेत. केवायसीतला पत्ता एक आणि संदेशातला दुसरा झाला तर रक्कम तपासणीत अडकू शकते. या कामाला शाखांनी आत्ताच हात घातला पाहिजे.

तोवर खातेदाराने परदेशी पाठवायची माहिती बँकेकडून लेखी घ्यावी: बँकेचा स्विफ्ट कोड, मधली बँक लागत असेल तर तिचे नाव आणि कोड, आपल्या शाखेचा आयएफएससी, पूर्ण खातेक्रमांक, पासबुकावर आहे तसेच इंग्रजी नाव, पत्ता आणि रकमेचे कारण. बँकेचे विलीनीकरण झाले असेल तर पाठवणाऱ्याला जुनी नोंद पुसायला सांगावे. रक्कम आली नाही तर पाठवणाऱ्याकडून व्यवहाराचा माग काढणारा यूईटीआर क्रमांक मागवावा आणि तो शाखेत अर्जासोबत द्यावा. रक्कम कोणत्या बँकेत थांबली आहे ते त्यावरून कळते. आणि जिल्ह्यातल्या बँकांना एक विनंती: पासबुकाच्या पहिल्या पानावर आयएफएससीच्या खाली स्विफ्ट कोडची एक ओळ छापा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.